वहीत नसलेला पहिला आकडा

१

हातमोजा अजून पट्ट्यावरच पडलेला होता. जाड, राखाडी, उजव्या हाताचा. त्याची दोन बोटं पापडासारखी चपटी झाली होती.

यंत्र क्रमांक एकभोवती फीत बांधून त्याच्या पेटीला सील ठोकलं होतं. शेजारचं यंत्र दोन मात्र काही झालंच नाही अशा थाटात धडधडत होतं. त्याचा लोखंडी चिमटा साच्यातून लालभडक बाटली उचलायचा, वळायचा, पट्ट्यावर ठेवायचा आणि परत जायचा. सेकंदाला एक बाटली.

"बघितलंत?" व्यवस्थापक म्हणाले. "आता यात तपासण्यासारखं काय उरलंय, तुम्हीच सांगा."

पेटीवाल्या बाई वाकून ते सील पाहत होत्या. चिमट्यांना हुकूम देणाऱ्या या दोन्ही पेट्या त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी बनवून दिल्या होत्या, म्हणून बाटलीच्या या कारखान्यात त्यांचं तेच नाव पडलं होतं. अजूनही पेटीतल्या प्रोग्राममध्ये कुणाला बदल करायचा झाला, तर कागद मंजुरीसाठी त्यांच्याकडे जायचा.

"मामा काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"मामा काय म्हणणार! बटण आधी दाबलं म्हणतात."

बावीस वर्षं यंत्र एकवर उभ्या राहणाऱ्या कामगाराला सगळे मामा म्हणत. बाटली अडकली की काय करायचं, हे तेच नव्या लोकांना शिकवत. पिवळं बटण दाबायचं. चिमटा जागच्या जागी थांबतो, हिरवा दिवा लागतो. मग हात घालून बाटली काढायची. लाल बटणही होतं, पण त्यानं अख्खी लाइन बंद पडायची आणि भट्टीतली वितळलेली काच वाया जायची. महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी अडकणाऱ्या एका बाटलीसाठी लाल बटण कुणी दाबत नसे.

"पेटीच्या नोंदीत बटण आणि हिरवा दिवा एकाच क्षणी आहेत," व्यवस्थापक बोटांवर मोजत म्हणाले. "म्हणजे चिमटा थांबला. अपघातानंतर साचेकाकांनी वीज बंद करून पुन्हा चालू केली, रिकामा चिमटा फिरवून चाचणी घेतली. तेव्हाही थांबला. मग मामांनी आधी हात घातला आणि चिमटा बसल्यावर बटण दाबलं, एवढंच उरतं. चार वाजता चौकशी आहे. बाहेरचे निरीक्षक येतायत. निष्काळजीपणा ठरला की मामांची नोकरी गेली. वाईट वाटतं हो, पण करणार काय?"

"आणि यंत्र एक?"

"सहाच्या पाळीला चालू."

"म्हणजे सहाला तिथे दुसऱ्या कुणाचा तरी हात असेल."

व्यवस्थापकांनी चाचणीची वही त्यांच्या हातात ठेवली. यंत्रांच्या चाचण्या घेणाऱ्या साचेकाकांचं अक्षर मोत्यासारखं होतं. बटण दाबल्यापासून चिमटा थांबेपर्यंतचा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत.

दाब क्र. २: ३
दाब क्र. ३: ३
दाब क्र. ४: ३
दाब क्र. ५: ३
दाब क्र. ६: ३

निर्दोष. हा तक्ता आपण पूर्वी कुठेतरी पाहिला आहे असं बाईंना वाटून गेलं. पण असे तक्ते त्यांच्या टेबलावर महिन्याला दहा यायचे.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

२

दवाखान्यात मामा उशीला टेकून बसले होते. उजवा हात कापसात गुंडाळलेला.

"या बाई. आता माझा हिशेब आठपर्यंतच बरं का. पुढचं हिला विचारायचं."

"हसू नका, टाके तुटतील," मामी म्हणाल्या.

"टाके बोटांना आहेत, तोंडाला नाहीत."

बाई स्टूल ओढून बसल्या. "मामा, जसं झालं तसं सांगा. तुम्हाला काय वाटलं ते नको, काय दिसलं ते."

मामांचा चेहरा बदलला. "बाटली आडवी झाली. मी डाव्या हातानं पिवळं दाबलं. दिवा हिरवा झाला. उजवा हात घातला." ते थांबले. "आणि चिमट्यानं आणखी एक बाटली ठेवली. मग थांबला."

"आणखी एक?"

"एक. अर्धी नाही, दोन नाहीत. बावीस वर्षं तो ताल ऐकतोय मी, झोपेतही चुकणार नाही. एक ताल जास्तीचा होता."

"चिमटा थांबलेला डोळ्यांनी पाहिलात?"

"नाही." मामांनी मान खाली घातली. "दिवा पाहिला. दिवा हिरवा म्हणजे चिमटा थांबला, हे तुम्हीच शिकवलंत की."

ते खरं होतं. दिवा बटणाच्या हुकमावर लागायचा, चिमटा थांबल्यावर नव्हे. अकरा वर्षं त्या दोन गोष्टींत सेकंदाच्या हजाराव्या भागांचंच अंतर होतं, म्हणून तसा फरक कुणी केलाच नव्हता.

मामी त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, बोटं गेली ती गेली. पण कालपासून हे मलाच विचारायला लागलेत. 'मीच तर आधी हात घातला नसेल ना गं?' सगळे एकच गोष्ट सांगायला लागले की माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडतो हो. मी काय सांगू त्यांना?"

"चारपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. आणि जिना उतरताना, आपण हे कशाच्या जोरावर बोललो, याचं त्यांना नवल वाटलं.

३

नियंत्रणाच्या खोलीत कॅमेरावाला त्यांची वाटच पाहत होता. तीसेक वर्षांचा इंजिनिअर. प्रत्येक बाटलीचा फोटो काढून तडा शोधणारी यंत्रणा त्यानं गेल्या वर्षी याच पेट्यांमध्ये बसवली होती. वेगळी पेटी द्या म्हणून त्यानं दोनदा अर्ज केला होता, आणि दोन्ही वेळा व्यवस्थापक साहेबांकडून 'आहे त्यात भागवा' असं उत्तर आलं होतं.

"मॅडम, मला माहितीये, सगळे माझ्याकडेच बोट दाखवणार. पेटीत नवा मीच ना!"

"बोटांवरून आज विनोद नको. बस."

पेटीत दोन तऱ्हांची कामं चालत. चिमट्याचं काम कडक मोडमध्ये: सेकंदाच्या दर हजाराव्या भागाला त्याची पाळी येणार म्हणजे येणार, बाकी सगळ्यांनी वाट बघायची. फोटो, नोंदी, अहवाल ही कामं साध्या मोडमध्ये, रांगेनं. पण कडक कामानं जर साध्या खात्याकडे काही मागितलं, म्हणजे एखादी नोंद लिहायला घेतली किंवा साठवणीतून काही मागवलं, तर ते काम स्वतःच गुपचूप साध्या मोडमध्ये उतरतं आणि रांगेत उभं राहतं. सर्जननं ऑपरेशन अर्ध्यावर सोडून केसपेपरच्या खिडकीशी जाऊन उभं राहावं, तसं. आणि तेवढा वेळ मोटर आधी मिळालेला हुकूम निमूटपणे पुरा करत राहते. म्हणजेच आणखी एक बाटली ठेवते.

"चिमट्याच्या कामात तू कुठे काही लिहिण्याची ओळ घातलीस?"

"नाही हो! पहिल्याच दिवशी तुम्ही घोकून घेतलं होतंत. कडक कामात लिहायचं नाही, मागायचं नाही, शोधायचं नाही."

बाईंनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही आणि अविश्वासही दाखवला नाही. कडक काम किती वेळा मोड सोडून बाहेर पडलं याचा आकडा पेटी स्वतःच ठेवते. वीज गेली की तो पुसला जातो. सुरू होताना प्रत्येक काम एकदा बाहेर पडतंच, त्यामुळे निरोगी पेटीत तो आकडा कायम एक असतो.

त्यांनी यंत्र दोनचा आकडा मागवला. एकोणीस दिवस सलग चालू. चिमट्याच्या कामाच्या पाळ्या दीडशे कोटींहून जास्त. बाहेर पडल्याचा आकडा: १.

"बघा!" कॅमेरावाल्यानं सुस्कारा सोडला. "दीडशे कोटींत एकदाही नाही. माझ्या फोटोंनी काही होत असतं तर दिसलं नसतं का?"

"दिसलं असतं. रोज जे घडतं, त्यात आपला चोर नाही." बाईंनी यंत्र एकची नोंद उघडली. अपघाताच्या वेळचा आकडा वीज बंद करताना पुसला गेला होता. उरला होता तो फक्त चाचणीनंतरचा.

बाहेर पडल्याचा आकडा: २.

"एकदा बाहेर पडलंय," कॅमेरावाला पुटपुटला. "चाचणीतच! पण चाचणीत तर सगळे आकडे तीनच आहेत. बाहेर पडलं असतं तर उशीर झाला असता."

"म्हणजे चोर रोजच्या कामात नाही, बटणाच्या कामात आहे. आणि तो एकदाच दिसला." बाईंनी वही पुढे ओढली. "वहीत किती दाब आहेत?"

"पाच."

"पेटीच्या नोंदीत बघ. वीज परत आल्यापासून पिवळं बटण किती वेळा दाबलं गेलं?"

त्यानं पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग पडदाच त्यांच्याकडे वळवला.

सहा वेळा.

४

साचेकाका साच्यांच्या खोलीत पॉलिश करत बसले होते. तीस वर्षं साचे बसवलेला माणूस. गुडघे गेल्यावर त्यांना चाचण्यांचं हलकं काम दिलं होतं, आणि ते त्यांनी देवाचं काम असल्यासारखं नेटकेपणानं केलं होतं.

"काका, चाचणीत बटण किती वेळा दाबलंत?"

"वहीत आहे की."

"वहीत दोनपासून सहापर्यंत आहे. एक कुठे गेला?"

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बाईंनी पाणी ओलं का असतं असं विचारलं होतं. "पहिला कोण मोजतो? साचा थंड असला की पहिल्या बाटल्या वेड्यावाकड्याच निघायच्या. त्या मोजायच्या नसतात, परत भट्टीत टाकायच्या. कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल."

"पण काका, ही बाटली नाही. हे बटण आहे."

"तेच ते. थंड यंत्र. पहिला दाब अंग मोकळं करायला, खरे आकडे पुढचे. मी काय लपवलं नाही हो! म्हणून तर दोनपासून लिहितो. एक लिहून खोटा आकडा भरला असता, तर ती लबाडी झाली असती."

बाईंना हसू आलं नाही. "त्या पहिल्या दाबाचा आकडा आठवतो?"

काकांचा फडका थांबला. "मोठा होता."

"किती मोठा?"

"सहाशेच्या वर कायसा. म्हटलं, थंड आहे, होतं असं." आणि मग त्यांच्या लक्षात यायला लागलं. अर्ध्या सेकंदाहून जास्त. जवळजवळ एक बाटली. "बाई... मामा म्हणाला होता ना, एक ताल..."

बाई ऐकायला थांबल्या नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या दाबात फरक काय? बटण तेच, तार तीच, प्रोग्राम तोच. फरक एवढाच, की पहिल्यांदा लागणारी वस्तू आणायला जावं लागतं आणि दुसऱ्यांदा ती हाताशी असते. प्रोग्राम म्हणजे एक जाडजूड पुस्तक. रोज लागणारी पानं टेबलावर, न लागणारी कपाटात. चिमटा थांबवण्याचं पान महिना महिना लागत नाही, ते कपाटात जाणार. ऐन वेळी ते आणायला कडक काम साध्या मोडच्या रांगेत उभं राहणार, तेही शेकडो फोटोंच्या मागे.

पण हे होऊच नये म्हणून तर त्यांनी प्रोग्रामला कुलूप घातलं होतं. एकही पान टेबलावरून हलू नये असं. अकरा वर्षं ते कुलूप होतं, म्हणून अकरा वर्षं पहिला दाबही तीनच भरत होता, आणि काकांनी तो सोडून दिल्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग कुलूप काढलं कुणी?

बदलांच्या फायलीत सात आठवड्यांपूर्वीचा एक कागद निघाला. 'फोटोंना जागा कमी पडते, म्हणून दोन्ही पेट्यांतल्या प्रोग्रामचं कुलूप काढत आहे. चाचणी: कुलपासह ३, कुलपाशिवाय ३. फरक नाही.' खाली कॅमेरावाल्याचं नाव. त्याखाली काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात तक्ता, क्रमांक दोन ते सहा. आणि सर्वांत खाली, मंजुरीच्या चौकटीत, एक सही.

ती बाईंची स्वतःची होती.

५

अडीच वाजले होते. हा कागद आज अजून दुसऱ्या कुणी काढून पाहिला नव्हता. बाईंनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली, मग तिच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी घाईत होत्या का? नव्हत्या. तक्ता पाहिला होता, पाच आकडे पाहिले होते, त्यांच्या डावीकडचा स्तंभ पाहिला नव्हता. एवढंच.

त्या उठून व्यवस्थापकांकडे गेल्या. "यंत्र दोनवर मला पिवळं बटण एकदा दाबायचंय. रिकाम्या नाही, चालत्या यंत्रावर."

"भरल्या भट्टीवर? वेड लागलंय का?"

"एकोणीस दिवसांत तिथे कुणी ते दाबलेलं नाही. सहाच्या पाळीला माणूस उभा करण्याआधी बघून तर घ्या."

व्यवस्थापकांनी कपाळ चोळलं. "एकदा. फक्त एकदाची परवानगी. नंतर चौकशीत एक शब्द ऐकणार नाही."

एकदाच पुरे होतं. किंबहुना एकदाच शक्य होतं. एकदा दाबलं की पान टेबलावर येणार, आणि मग दिवसभर दाबत बसलं तरी तीनच भरणार.

सव्वातीनला सगळे यंत्र दोनपाशी जमले. व्यवस्थापक, वेळेआधीच आलेले निरीक्षक, कॅमेरावाला, आणि त्या यंत्रावर काम करणारी कामगार, जिला दोन नंबरवाली म्हणत. बाईंनी झाडूच्या दांड्याला मामांचा उरलेला डावा हातमोजा चढवला आणि दांडा दोन नंबरवालीच्या हातात दिला.

"दिवा हिरवा झाला की हा आत घाल. हात घालशील तसाच, तेवढ्याच वेगानं. तू मात्र लांब राहा."

"लांबच आहे ताई. मला दहाच्या दहा हवीत."

बाईंनी घड्याळ पाहिलं, नोंदीचा पडदा पाहिला. एक. बाहेर पडल्याचा आकडा अजून एकच. त्या मागे वळल्या तेव्हा साचेकाका लंगडत पुढे आले होते. त्यांना यायला उशीर झाला होता, धाप लागली होती.

"थांबा बाई, थंड असेल," ते नेहमीच्या मायेनं म्हणाले. "आधी एकदा गरम करून देतो."

आणि त्यांचं बोट पिवळ्या बटणाकडे गेलं.

६

"काका, हात लावू नका!"

बाईंचा आवाज एवढा चढलेला कारखान्यात कुणी कधी ऐकला नव्हता. बोट बटणापासून नखभर अंतरावर थांबलं. काकांनी आपल्याच हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा होता. तीस वर्षांची सवय. ती डोक्याला विचारून येत नाही. त्यांनी तो हात सावकाश पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

"सगळे तयार?" बाईंनी बटण दाबलं.

दिवा हिरवा झाला. दांडा आत गेला. चिमटा वळला, खाली आला आणि कडाड्कन आवाज झाला. हातमोज्यासकट दांड्याचं टोक पट्ट्यावर पडलं. त्यानंतर चिमटा थांबला.

दिवा अजून हिरवाच होता.

बाईंनी चिमटा पुन्हा चालू करून दुसऱ्यांदा बटण दाबलं, परवानगी नसताना. चिमटा जागच्या जागी गोठला. तिसऱ्यांदा. गोठला. पडद्यावर तीन आकडे एकाखाली एक उभे होते: ६३०, ३, ३. आणि बाहेर पडल्याचा आकडा एकाचा दोन झाला होता.

"मी पाहिला होता," काका म्हणाले. "पहिला मी पाहिला होता आणि सोडून दिला." ते पायरीवरच बसले.

दोन नंबरवाली हातातल्या तुटक्या दांड्याकडे बघत होती. "उद्या बाटली अडकली असती तर..."

७

चार वाजता चौकशीच्या टेबलावर यंत्राचा प्रश्न मिटलेला होता. दोन्ही यंत्रं बंद, कुलूप परत घातल्याशिवाय चालू होणार नव्हती. प्रश्न माणसांचा होता.

"कुलूप काढलं कुणी?" निरीक्षकांनी विचारलं.

कॅमेरावाल्यानं हात अर्धवट वर केला. "मी. पण मी चाचणी..."

"पाणी आणतोस का जरा?" व्यवस्थापक मध्येच म्हणाले, आणि तो बाहेर गेल्यावर बाईंकडे झुकून कुजबुजले, "मला कागदाचं कळलंय. त्यानंच सांगितलं आत्ता. कशाला स्वतःला अडकवून घेता? पेटी जुनी झाली म्हणू, बदलून टाकू. मामांची नोकरीही राहील."

"मामांच्या कागदावर कारण काय लिहाल?"

"'कारण अनिश्चित.' कुणाला त्रास नाही."

कारण अनिश्चित. म्हणजे उजव्या हाताकडे पाहून मामा मामींना जन्मभर विचारत राहणार, मीच तर आधी हात घातला नसेल ना गं?

त्यांनी पर्सची चेन उघडली आणि कागद निरीक्षकांपुढे सरकवला. "त्यानं विचारून काढलं. काकांनी उघडपणे दोनपासून लिहिलं. वेगळी पेटी मागितली ती साहेबांनी दिली नाही. आणि दिवा चिमट्याऐवजी बटणाला बांधला तो मी. पण हे सगळं ज्या एका ठिकाणी अडायला हवं होतं, ते ठिकाण म्हणजे ही सही. मला हा स्तंभ दिसायला हवा होता."

निरीक्षकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "तुमचं काम जाईल याच्यावर. माहीत आहे ना?"

"आहे. आधी एक फोन करू?"

दवाखान्यात फोन मामींनी उचलला. बाई एवढंच म्हणाल्या, "त्यांना सांगा, बटण आधी दाबलं होतं. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं."

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला. मग मामांचा आवाज आला, घोगरा. "एक बाटली ना?"

"एकच, मामा. अर्धी नाही, दोन नाहीत."

फोन ठेवून त्या परत आल्या, तेव्हा निरीक्षकांनी अहवालाचं शेवटचं पान त्यांच्यापुढे केलं. वर छापलेलं होतं, 'जबाबदार व्यक्ती', आणि खाली, क्रमांकाच्या रिकाम्या स्तंभासह, कोऱ्या ओळी. साचेकाका दारात उभे राहून बघत होते. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, डावीकडच्या स्तंभात एकचा आकडा नीट काढला आणि त्याच्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं.